हात आखडता घ्यायचा ऋतू

संपादकांनी यंदाच्या अंकासाठी ‘थंडी’ हा विषय धरला आणि माझ्या वाट्याला घराभोवतीची बाग आली. झाडांची थंडी म्हटलं की पहिलं आठवतं ते निफाड. डिसेंबर-जानेवारीत तिथला पारा किती उतरला ही बातमी पेपरात आली नाही, असा हिवाळा जात नाही. कुंदेवाडीच्या गहू संशोधन केंद्रातला तापमापक हा बहुधा महाराष्ट्रातला सगळ्यांत प्रसिद्ध तापमापक असावा. तेव्हा गेल्या जानेवारीत आधी निफाड तालुका गाठला.

उजाडायच्या आत ज्या घरी पोचलो, तिथे पुढे द्राक्षबाग आणि मागे परसदार होतं. परसात कढीपत्ता, शेवगा, जास्वंद, केळीचं एक बेट आणि पपईची कमरेएवढी चार रोपं. पपईच्या भोवती काठ्या रोवून त्यांवर एक जुनं नऊवारी लुगडं ताणलेलं, कडा जमिनीला टेकवलेल्या आणि कडांवर विटा. घरच्या आजी विटा काढत होत्या. ऊन येताच लुगडं काढायचं, दिवस मावळताना पुन्हा घालायचं, असा त्यांचा नेम. मी विचारलं, प्लास्टिकचा कागद का नाही घालत? “नको बाबा,” त्या म्हणाल्या, “कागद पानाला चिकटतो. अन् जिथं चिकटतो तिथंच पान काळं पडतं.”

लुगड्याबाहेर राहिलेलं जास्वंदीचं एक झुडूप त्यांनी दाखवलं. दोन रात्रींपूर्वी दव गोठलं होतं. शेंड्याकडची कोवळी पानं उकडल्यासारखी मऊ होऊन काळपट पडली होती आणि हातभर खालची पानं मात्र हिरवीगार. त्यांच्या सुनेला ती काळी फांदी कापून टाकायची होती, आजींनी कातर लपवून ठेवली होती. होळीपर्यंत हात लावायचा नाही, म्हणे. आजींचं बरोबर होतं. करपलेला शेंडा खालच्या डोळ्यांवर पांघरूण होऊन राहतो. शिवाय थंडीत छाटलं की झाड नवे फुटवे काढतं आणि पुढच्या गारठ्यात तेच आधी जातात. फांदी नेमकी कुठवर मेली आहे, हे फेब्रुवारीअखेर फुटवा निघाल्यावरच कळतं.

आकाशाकडे उघडं पान

पेपरात छापून येतं ते तापमान जमिनीपासून साधारण चार फुटांवर, झडपांच्या पांढऱ्या पेटीत ठेवलेल्या तापमापकाचं असतं. पान त्या पेटीत नसतं. निरभ्र, वारा पडलेल्या रात्री जमीन आणि पानं आपली ऊब आकाशाकडे सोडत राहतात आणि भोवतालच्या हवेपेक्षाही गार होतात. त्यामुळे पेटीतला पारा तीन-चार अंशांवर असतानाही उघड्यावरचं पान शून्याखाली जाऊ शकतं आणि त्यावरचं दव गोठतं. ढगाळ रात्री असं होत नाही, कारण ढग ती ऊब परत खाली पाठवतात.

महाबळेश्वरला दरवर्षी वेण्णा तलावाच्या काठी हिमकण पडल्याचे फोटो येतात आणि त्याच पहाटे गावात वर तितकी थंडी नसते. गार हवा जड असते. ती उतारावरून सरकत खोलगट जागी साचते. घराच्या आवारातही हेच घडतं. कुंपणाच्या भिंतीपाशी सखल कोपरा असेल, तर सगळी गार हवा तिथे येऊन बसते. याउलट घराच्या पश्चिमेच्या किंवा दक्षिणेच्या भिंतीलगतची पट्टी सगळ्यांत उबदार, कारण दिवसभर तापलेली भिंत रात्री ऊब सोडत राहते. नाजूक झाड लावायचं तर तिथे. पपई, केळ आणि कुंडीतला मनीप्लँट अशा भिंतीलगत तग धरून राहतात, हे निफाडकडच्या आवारांत हिंडताना डोळ्यांनी दिसतं.

द्राक्षबागेत पोरं पहाटे मोटर चालू करतात आणि बांधावर शेकोट्या पेटवतात, ते याच गारठ्याला उत्तर म्हणून. विहिरीचं पाणी त्या वेळी हाताला कोमट लागतं. ते जमिनीत मुरलं की थोडी ऊब देतं आणि ओली माती दिवसाचं ऊन कोरड्या मातीपेक्षा जास्त साठवून ठेवते. शेकोटीचं श्रेय मात्र बरेच जण धुराला देतात, ते तितकंसं खरं नाही. काम करते ती आग, हवा हलती ठेवून. एक गोष्ट ऐकायला उलटी वाटेल. जाड कोरडं आच्छादन एरवी गुणाचं. पण दव गोठणाऱ्या रात्री ते जमिनीची ऊब खालीच दाबून ठेवतं आणि वरचं झाड जास्त गारठतं. तेवढ्या रात्रींपुरतं ते बाजूला सारलेलं बरं.

पण हे निफाडचं झालं, फार तर नाशिक-महाबळेश्वरच्या काही खोलगट जागांचं आणि केळीला थंडी बाधते त्या खानदेशचं. पुण्यात पारा आठ-दहावर येतो, मुंबईत पंधराच्या खाली आला तरी स्वेटर निघतात आणि कोकणकिनाऱ्याला दहिवर गोठणं ठाऊक नाही. उरलेल्या महाराष्ट्रातल्या घरच्या बागेत थंडीने झाड मरत नाही. तरीही जानेवारीत झाडं मरतात. कशाने, ते पाहायला पुण्यात परतलो.

पाइप धरला म्हणजे काम झालं

सहकारनगरातल्या एका जुन्या बंगल्यात माळीकाकांबरोबर सकाळ काढली. ॲक्टिव्हाच्या डिकीत खुरपं, सिकेटर, सुतळी आणि बोर्डो पेस्टचा डबा एवढा त्यांचा संसार. आठवड्यातून दोनदा येतात, बाकीचे दिवस दुसरे बंगले. कोणत्या झाडाला काय हवं हे त्यांना कळतं. त्यांची अडचण वेगळी आहे.

“वहिनींना पाइप धरलेला दिसला की बरं वाटतं,” ते आवाज खाली आणून म्हणाले. “कातर घेतली की त्यांच्या पोटात गोळा. अन् काहीच न करता झाडाकडं बघत बसलो, तर महिन्याला पैसे कशाचे?”

माळीकाम महिन्याच्या पगारावर चालतं आणि पगार दिसणाऱ्या कामाचा मिळतो. पाणी घालणं दिसतं. पाणी न घालणं दिसत नाही. म्हणून मे महिन्यात जेवढा वेळ पाइप चालतो, तेवढाच डिसेंबरातही चालतो. थंडीत झाडाची वाढ मंदावलेली असते, पानांतून उडून जाणारं पाणी निम्म्यावर येतं आणि पुण्याची काळी माती घेतलेलं पाणी सोडत नाही. वरचा थर भेगाळलेला दिसतो, खाली चिखल असतो. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते, ती मिळेनाशी होते. मुळं कुजू लागली की पानं पिवळी पडतात, मलूल होतात आणि हे रूप तंतोतंत तहानेसारखं दिसतं. मग घरातलं कुणीतरी कळवळून अजून एक तांब्या ओततं.

उपाय फुकटचा आहे. बोटाची दोन पेरं मातीत खुपसायची. गार आणि ओलं लागलं तर परत फिरायचं. कुंडीखाली थाळी ठेवली असेल तर ती रिकामी करायची. मी हे एका ओळखीच्या बाईंना सांगितलं तेव्हा त्या म्हणाल्या, “नखात माती जाते हो.” त्यांना लाकडी चमच्याचा दांडा सुचवला.

अर्थात सगळ्यांना एकच माप लावून चालत नाही. दख्खनचा हिवाळा कोरडा असतो, दुपारी वारा सुटतो. गच्चीवरच्या सहा इंची कुंड्या दोन दिवसांत खडखडीत होतात. जूनमध्ये लावलेल्या रोपाची मुळं अजून खोल गेलेली नसतात, त्याला पहिला हिवाळा नेमाने पाणी हवंच. आळ्यात उभं असलेलं पाच-सात वर्षांचं झाड मात्र आठ-पंधरा दिवस कुणाची वाट पाहत नाही. काही झाडांना तर त्याहून जास्त काळ विसरलेलं आवडतं.

लिंबाला तहान लागू द्यावी

त्याच बंगल्यात कागदी लिंबाचं एक झाड होतं. हिरवंगार, अंगाने भरलेलं, काटेही दणकट. लिंबू मात्र मोजून पाच-सहा. माळीकाका म्हणाले, “माजलंय.” घरच्यांनी त्याला खत, ताक, अंड्याची टरफलं, यूट्यूबवर सांगितलेलं केळीच्या सालीचं पाणी, असं सगळं दिलं होतं. दिला नव्हता तो ताण.

संत्री, मोसंबी, लिंबू, डाळिंब यांचे बागाईतदार ‘बहार धरतात’. जून-जुलैचा मृग बहार, सप्टेंबर-ऑक्टोबरचा हस्त बहार, जानेवारी-फेब्रुवारीचा आंबे बहार. झाडाला बाराही महिने सुखात ठेवलं तर ते पानंच काढत राहतं. काही आठवडे पाणी तोडलं की वाढ थांबते, पानांनी तयार केलेलं अन्न खर्च न होता फांद्यांत साठतं आणि पुन्हा पाणी मिळताच ते फुलांच्या रूपाने बाहेर पडतं. आंबे बहारासाठी हा ताण डिसेंबरात द्यायचा असतो. थंडीने वाढ आधीच मंदावलेली असते, त्यामुळे अर्धं काम ऋतू करतो, उरलेलं तुम्ही नळ बंद करून.

ताण बसतो कसा, ते जवळून पाहण्यासारखं आहे. पहिल्या आठवड्यात काहीच होत नाही. मग दुपारी पानं किंचित चुरमडतात आणि संध्याकाळी पुन्हा सावरतात. पुढे सकाळीही चुरमडलेलीच राहतात, रंग उतरतो, खालची जुनी पानं गळू लागतात. मुरमाड जमिनीत हे सगळं दोन-तीन आठवड्यांत उरकतं, काळ्या जमिनीत महिना किंवा जास्तही लागतो. साधारण पाव हिस्सा पानं गळली की ताण पुरे झाला. त्यापुढे ताणलं तर बारीक फांद्या वाळायला लागतात. मग आळं खुरपून शेणखत आणि निंबोळी पेंड मिसळायची आणि पाणी द्यायचं, तेही एकदम नाही. पहिलं पाणी हलकं. बागाईतदार त्याला आंबवणी म्हणतात. चार-पाच दिवसांनी थोडं जास्त, मग पुरतं. दोन-तीन आठवड्यांत पांढऱ्या कळ्या दिसतात आणि पावसाळ्यात लिंबं हाताला येतात.

या हिशेबात एका जुन्या तक्रारीचं उत्तरही मिळतं. ऐन उन्हाळ्यात, सरबताच्या दिवसांत, लिंबू महाग का? उन्हाळ्यात लिंबू यायचं तर फूल सप्टेंबर-ऑक्टोबरात, हस्त बहारात यायला हवं. म्हणजे ताण त्याआधी, भर पावसात द्यायला हवा. तो वरुणराजाच्या मर्जीवर. जमेल त्याला भाव मिळतो, बाकीच्यांची लिंबं पावसाळ्यात स्वस्त होतात.

ताण देण्याआधी झाडाचं वय बघावं. बियांपासून वाढवलेलं कागदी लिंबू पाचव्या-सहाव्या वर्षाच्या आत फारसं देत नाही. त्याला आधीच उपाशी ठेवणं म्हणजे शिक्षा. कुंडीतल्या लिंबाला चार-सहा दिवसांचा ताण पुष्कळ होतो, पान मान टाकताच पाणी.

खरी गंमत पुढे आहे. या लिंबाशेजारी पेरू होता आणि पेरूचा न्याय बरोबर उलटा. पेरू ताण घेतो उन्हाळ्यात, फुलतो पावसाच्या तोंडाशी आणि थंडीत पिकतो. डिसेंबरात लिंबाचं पाणी तोडायचं असतं तेव्हा पेरूच्या अंगावर फळं असतात, त्याला पाणी हवं असतं. दोन्ही झाडं सहा फुटांच्या अंतरावर, एकाच पाइपाखाली. माळीकाकांनी मधोमध खुरप्याने वीतभर खोल चर खणला आणि पेरूचं आळं बाहेरच्या बाजूला वाढवून दिलं. मुळांना चर दिसत नाही, ती खालून जातातच. पण फरक पडतो, असं ते म्हणाले. पुढच्या चकरेत लिंबावर कळ्या होत्या.

हिवाळ्यातला पेरू गोड असतो, कारण सावकाश पिकतो आणि गारठ्यात फळमाशीही कमी असते. बंगल्यातला पेरू ‘लखनौ ४९’, म्हणजेच सरदार. नावावरून उत्तरेचा वाटतो, पण तो पुण्याचाच. अलाहाबाद सफेदाच्या रोपांमधून त्याची निवड झाली ती गणेशखिंडीच्या फळ संशोधन केंद्रात, १९२७ साली. ब्रिटिश अमदानीत १८७३ मध्ये सुरू झालेली ही गणेशखिंड बाग २०२० मध्ये जैवविविधता वारसा स्थळ म्हणून जाहीर झाली. पुणेकरांना ती अजूनही ठाऊक आहे ती पावसाळ्यात खात्रीची कलमं मिळण्याचं ठिकाण म्हणूनच.

मोहोर येणार की पालवी

आंब्याला पाणी तोडण्याचीही गरज नसते, तो स्वतःच थंडीची वाट पाहतो. फांदीच्या टोकाचा डोळा पालवी होणार की मोहोर, हे ठरतं रात्रीच्या गारठ्यावर आणि फांदीच्या वयावर. पावसाळ्यात आलेली पालवी जून झालेली असेल आणि डिसेंबरात काही आठवडे रात्री पंधरा अंशांच्या खाली राहिल्या, तर मोहोर येतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरात पाऊस रेंगाळला की झाड तांबूस कोवळी पालवी काढून बसतं. ती पालवी जून व्हायला वेळ लागतो आणि तोवर थंडी निघून जाते. घराच्या आवारात हा लांबलेला पाऊस आपणच पाइपाने पाडत असतो. लॉनला रोज पाणी, लॉनच्या मधोमध हापूस, आणि ‘आमचा आंबा धरत नाही’ ही तक्रार, हे त्रिकूट मी एकाहून जास्त आवारांत पाहिलं.

मुंबईच्या इमारतींमधल्या आंब्यांचं दुखणं निराळं. भोवतालचं काँक्रीट रात्री गार होत नाही, मोहोर तुकड्यातुकड्याने येतो, एका फांदीला डिसेंबरात, दुसरीला फेब्रुवारीत. त्यावर इलाज नाही आणि घरच्यापुरत्या आंब्याला त्याने काही बिघडतही नाही. उलट फळं पुरवून पुरवून खाता येतात.

थंडी जास्त झाली तरी पंचाईत. कोकणातल्या हापूसला जानेवारीत वाटाण्याएवढी फळं लागलेली असताना पुन्हा कडाका पडला, की त्याच फांदीवर दुसरा मोहोर येतो आणि झाडाचा जोर तिकडे वळून आधीची फळं गळतात. याला पुनर्मोहोर म्हणतात. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने त्यासाठी जिब्रेलिक आम्लाची फवारणी सांगितली आहे. बागाईतदाराला ती परवडते, घरच्या एका झाडासाठी तो खटाटोप करू नये. घरी सांभाळायचे ते तुडतुडे आणि भुरी. ढगाळ हवा आली की दोन्ही वाढतात आणि तुडतुड्यांच्या चिकट गोडव्याने खालची गाडी काळी होते. मोहोर उमलायच्या आधी निंबोळी अर्क फवारावा, आतली दाट फांद्यांची गर्दी पावसाआधीच विरळ केलेली असावी. मोहोर पूर्ण फुलल्यावर मात्र काहीही फवारू नये. आंब्याचं परागीभवन बरंचसं माश्यांकडून होतं. मोहोरावर घोंघावणाऱ्या माश्या पाहून किळस येऊन औषध मारणारे लोक आहेत. त्यांना मग आंबा विकतच घ्यावा लागतो.

जागा लहान असेल तर हापूसचा हट्टही सोडावा. तो वर्षाआड धरतो. दशहरी आणि नीलम यांचा संकर करून दिल्लीच्या संशोधकांनी तयार केलेली आम्रपाली दरवर्षी धरते, बुटकी राहते आणि मोठ्या पिंपातही वाढते. घाटावर केशरही चांगला येतो. चवीचं विचाराल तर मी रत्नागिरीकरांशी भांडणार नाही.

न मेलेला चाफा

डिसेंबरात उरुळी कांचनच्या रोपवाटिकांमध्ये गेलो. सोलापूर रस्त्याला लागून मैलभर कुंड्यांच्या रांगा, त्यात आंध्रातल्या कडियमहून ट्रकने आलेली झाडंही पुष्कळ. हिवाळ्यात इथे गर्दी असते ती फुलांसाठी: पिटुनिया, डेलिया, शेवंती, झेंडू. रोपवाटिकावाल्याने सांगितलं, या दिवसांत ‘झाड मेलं’ म्हणून सगळ्यांत जास्त परत येतो तो चाफा.

चाफ्याची पानं थंडीत झडतात. उघड्या, जाड, करड्या फांद्या तेवढ्या राहतात. हे त्याचं झोपणं आहे. नवख्या माणसाला वाटतं गेलं आपलं झाड, मग तो पाणी वाढवतो. पान नाही, म्हणजे पाणी ओढणारं कुणी नाही. ते कुंडीत साचतं आणि खोड बुडातून सडतं. मग खरोखर मरतं. रोपवाटिकावाला परत आलेल्या झाडाचं खोड आधी चिमटीत दाबून पाहतो. टणक असेल तर नखाने साल जराशी खरवडतो. खाली हिरवं दिसलं, चीक आला, की गिऱ्हाइकाला म्हणतो, “काका, घरी न्या, कोपऱ्यात ठेवा अन् शिमग्यापर्यंत विसरा.” पिचपिचीत लागलं तर वरचा चांगला तुकडा कापून आठवडाभर सावलीत सुकवायला ठेवतो, त्याचं नवं रोप होतं. डोंगरावरच्या देवळापाशी शंभर वर्षांचा चाफा उभा असतो, त्याला हिवाळ्यात कोण पाणी घालतं?

मोगराही याच पंथाचा. उन्हाळ्यात ओंजळ भरून फुलं हवी असतील तर डिसेंबरात त्याचं पाणी तोडावं, जानेवारीच्या मध्यापर्यंत निम्म्यावर छाटावा, उरलेली पानंही ओरबाडून काढावीत. हे करायला मन धजत नाही, म्हणूनच बहुतेक घरांतला मोगरा उंच आणि वांझ असतो. छाटल्यावर आळ्यात शेणखत घालून पाणी सुरू केलं की प्रत्येक डोळ्यातून फुटवा येतो आणि फूल येतं ते नव्या फुटव्यावर.

गुलाबाचं बहुतेकांना ठाऊक असतं. ऑक्टोबरच्या मध्याला छाटणी, त्यानंतर दीडेक महिन्याने बहार. काट बाहेरच्या बाजूच्या डोळ्याच्या किंचित वर, तिरका. वर बोर्डो पेस्ट. खुंटावरून, म्हणजे डोळा बांधल्याच्या जागेच्या खालून, आलेला जोमदार फुटवा मुळापासून काढायचा, नाहीतर दोन वर्षांत विकत घेतलेला गुलाब जातो आणि जंगली खुंट राहतो. जानेवारीअखेर एम्प्रेस गार्डनच्या पुष्पप्रदर्शनात जे गुलाब पाहून आपण हळहळतो, त्यांचं रहस्य निम्म्याहून अधिक ऑक्टोबरातल्या कात्रीत असतं.

तुळशीबद्दल बोलायला भीती वाटते, पण बोलतो. लग्न लागेपर्यंत तुळशीला मंजिऱ्यांचे तुरे आलेले असतात. बी धरलं की तिचं वर्ष संपत आलं, त्यात थंडी तिला सोसत नाही. सुकली म्हणून घरावर काही येत नाही. मंजिऱ्या वेळच्या वेळी खुडल्या तर ती टिकते, थोडं बी ठेवलं तर नवी उगवते. दूध, साखर, कुंकू आणि रोजचा तांब्या मात्र तिच्या मुळांना मानवत नाही. वृंदावनाला खाली भोक असावं, एवढी सोय करणाऱ्याला पुण्य लागेल.

रस्त्यावरचा दिवा आणि शेवंती

नाशिकला इंदिरानगरात एका निवृत्त शिक्षकांच्या घरी फाटकाच्या दोन्ही बाजूंना शेवंतीच्या कुंड्या होत्या. त्याच काश्यांपासून (बुडाशी येणाऱ्या फुटव्यांपासून), त्याच मातीत, एकाच दिवशी लावलेल्या. डावीकडच्या फुलांनी लगडलेल्या, उजवीकडच्या नुसत्याच हिरव्या. सरांनी खत बदललं, कुंडी बदलली, शेजाऱ्यांच्या नजरेचाही विचार करून झाला. कारण डोक्यावर होतं. उजव्या खांबावर महानगरपालिकेने नवा एलईडी दिवा लावला होता.

शेवंती दिवस मोजत नाही, रात्र मोजते. रात्र पुरेशी लांब आणि अखंड काळोखी झाली की तिला कळ्या धरतात. म्हणून तिचा मोसम दिवाळीपासून पुढे. रात्रभर दिवा चालू असेल तर तिच्या लेखी उन्हाळाच संपलेला नसतो. पॉइन्सेटियाची पानंही याच कारणाने दिवाणखान्यात लाल होत नाहीत. सरांनी उजवीकडच्या कुंड्या घरामागे नेल्या, चार-पाच आठवड्यांनी कळ्या दिसल्या. फुलं संपल्यावर शेवंती जमिनीपासून चार बोटं ठेवून कापायची आणि बुडाशी येणाऱ्या काश्या पुढच्या वर्षासाठी राखायच्या.

उजेडाचा दुसरा घोळ सूर्य करतो. मेच्या मध्यात पुण्यात तो भर दुपारी थेट डोक्यावर असतो, सावलीही नाहीशी होते. डिसेंबरअखेर तोच दुपारी क्षितिजापासून जेमतेम ४८ अंश वर, दक्षिणेकडे झुकलेला. दक्षिणेच्या गॅलरीत ऊन आतल्या भिंतीपर्यंत येतं, उत्तरेच्या गॅलरीत हिवाळाभर येतच नाही. फ्लॅटमधल्या माणसाची हिवाळ्यातली मुख्य मशागत ही कुंड्यांची जागा बदलणं हीच आहे. उत्तरेकडच्या जास्वंदीला फुलं का नाहीत, याचं उत्तर खताच्या दुकानात मिळायचं नाही.

पाचोळ्याची पोती

जानेवारी उजाडला की देशी बदामाची पानं लाल होऊन पडू लागतात. मग सीताफळ, पिंपळ आणि शेवटी रस्त्यांवरचे रेनट्री. सोसायट्यांमध्ये पहाटे खराट्याचा आवाज सुरू होतो आणि ढीग रस्त्याच्या कडेला जमतात. शहरात पाचोळा जाळायला मनाई आहे, तरी कोपऱ्यावरून धूर निघतोच. आणि त्याच सोसायटीतल्या चौथ्या मजल्यावर कुणीतरी ऑनलाइन मागवलेल्या खताची पिशवी फोडत असतं.

कोल्हापूरच्या श्री. अ. दाभोळकरांनी ‘प्रयोग परिवारा’तून सांगितलं ते हेच, की माती विकत आणायची नसते, घडवायची असते आणि तिचा कच्चा माल झाडाखालीच पडलेला असतो. पुण्यात २०१६ पासून अदिती देवधर यांचा ‘ब्राऊन लीफ’ हा उपक्रम पाचोळा नको असलेल्यांची आणि हवा असलेल्यांची गाठ घालून देतो. तारेच्या जाळीच्या पिंपात पानं भरायची, अधूनमधून पाणी आणि शेणकाला किंवा आंबट ताक शिंपडायचं. रेनट्रीची बारीक पानं चार-पाच महिन्यांत काळी भुसभुशीत होतात. आंब्याची आणि बदामाची जाड पानं चिवट, ती आधी पायाखाली चुरडावी लागतात. उरलेला पाचोळा आळ्यात चार बोटं जाड पसरायचा, खोडाभोवती वीतभर जागा मोकळी सोडून. नाहीतर वाळवी लागते. फेब्रुवारीत ही दुलई घातली की मार्चपासून पाणी पुन्हा वाढवताना ते निम्मंच पुरतं.

कोथरूडमधल्या एका सोसायटीत मी हे देणं-घेणं होताना पाहिलं. गच्चीवर बाग करणारे एक गृहस्थ कार घेऊन आले होते. वॉचमनने सहा पोती भरून तयार ठेवली होती. सेक्रेटरी खाली आले. गेल्या वर्षापर्यंत हाच पाचोळा उचलून न्यावा म्हणून त्यांनी वॉर्ड ऑफिसात खेटे घातले होते. आता त्यांनी कारच्या डिकीकडे, पोत्यांकडे आणि त्या गृहस्थांकडे पाहिलं आणि म्हणाले, “नेताय ते ठीक आहे. पण पोत्यामागे वीस रुपये सोसायटी फंडाला द्यावे लागतील.”

“देतो की,” गृहस्थ डिकी लावत म्हणाले, “पण पोती माझी आहेत. त्यांचं भाडं वजा करा.”